पेट्रोलच्या धुरानं वाचवलेलं इथेनॉल

"इथेनॉल फेल, असं लिहून टाक, जाधव."

कदम साहेब म्हणाले. वाळूजमधल्या आमच्या इंजिन टेस्टिंग लॅबचे ते प्रमुख. शेजारी पठाणभाई तोंड पाडून बसलेले. खुलताबादच्या रस्त्याला त्यांचा जनरेटर बनवायचा छोटा कारखाना. इथेनॉलवरच्या जनरेटरची पहिली मोठी ऑर्डर त्यांना मिळणार की नाही, ते आमच्या रिपोर्टवर होतं.

"मियाँ, तुम तो बोले थे चलेगा," ते मला म्हणाले.

बोललो होतो. चहा समोर आला की मी लई बोलतो.

हिशेब तसा सोपा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, म्हणून ते जास्त पाजावं लागतं. पण ते सहसा नॉक करत नाही, म्हणजे दाबाखाली आपोआप पेटून इंजिन ठोकत नाही. त्यामुळं ठिणगी जरा लवकर पाडता येते आणि ताकद भरून निघते. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे इंधन सोडणारं भोक, मी मोठं केलं होतं, ठिणगीही अलीकडं घेतली होती. तरी लोड दिला की इंजिन मान टाकायचं. पेट्रोलवर मात्र दसऱ्याआधी हेच इंजिन झकास चाललं होतं.

"साहेब, पेट्रोल परत चालवू."

"रीडिंग आहे ना त्याचं?"

"जुनं आहे. एकदाच, साहेब."

"तुझी हौस! चालव."

सेटिंग पेट्रोलचं केलं, लोड दिला. इंजिनानं भकाभका काळा धूर ओकला आणि दम सोडला. मी इतका खूश झालो, की साहेबांना वाटलं धूर माझ्या डोक्यात गेला.

हवा कमी पडली की पेट्रोल काजळी धरतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, ते अर्धपोटी जळलं तरी फारसा काळा धूर करत नाही. म्हणजे इंधन निर्दोष, हवाच कुठंतरी अडत होती. इथेनॉल मुकाट सोसत होतं, पेट्रोलनं बोंब मारली.

एअर फिल्टर उघडला. आत झेंडूच्या पाकळ्यांचा गच्च थर! खंडेनवमीला पूजा झाली की इंजिन थोडं चालवायची आमची रीत. हार हवा ओढणाऱ्या तोंडावर कुणी घातला होता? मीच. फोटोत छान दिसतो म्हणून.

"पूजा तुझी, भोग पठाणभाईंना," साहेब म्हणाले.

फिल्टर बदलला, इथेनॉल पुन्हा लावलं. ताकद पेट्रोलच्या तोडीची, पिणं मात्र जास्त. रिपोर्टात दोन्ही लिहिलं. पठाणभाईंना ऑर्डर मिळाली.

आता लॅबमध्ये नियमच आहे: नवं इंधन नापास करण्याआधी जुनं पुन्हा चालवायचं. सगळे त्याला 'जाधव टेस्ट' म्हणतात. घोळ घालून वर नाव कमावणारा लॅबमध्ये मी एकटाच.