बहिणीच्या दाराचं कुलूप

थोरल्याला कुलूप उघडताना बघायला लोक चालता चालता थांबायचे, यातच काय ते आलं. सातवीत शाळा सोडून तो बापाच्या टपरीत बसला. बसायला एक स्टूल, मागं खिळ्यांवर टांगलेल्या किल्ल्यांची भिंत आणि पुढं त्यानं स्वतः रंगवलेला बोर्ड: ‘जगात असं कुलूप नाही’. पुढचं वाक्य लिहायला बोर्डावर जागा उरली नव्हती, पण कळायचं ते सगळ्यांना कळत होतं. ‘उघडत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. बँकेची तिजोरी म्हणू नका, शाळेचं फाटक म्हणू नका, जावयानं रागारागानं आतून लावून घेतलेली मोरी म्हणू नका, थोरल्यानं कान लावला, वाकडी सळी आत घातली, की खट्.

बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. ज्याचं कुलूप तो समोर उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कडी सरकली की मागं सरायचं, तोंड फिरवायचं. आत काय आहे ते बघणं आपलं काम नाही. थोरला हे नियम गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवायचा, छाती काढून.

याहून मोठी फुशारकी एकच, त्याची धाकटी बहीण. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. “अर्धं शहर आमच्या धाकटीच्या दातांनी जेवतं,” तो सांगायचा. तिला शिकवली त्यानं, लग्न लावून दिलं त्यानं, आणि नवऱ्याचं घर सोडून एक बॅग घेऊन ती परत आली तेव्हा दार उघडलंही त्यानंच. पण भावाकडं राहायला ती तयार नव्हती. तिला स्वतःची खोली हवी होती. एकट्या बाईला खोली कोण देतंय? शेवटी एका इमारतीच्या कमिटीपुढं थोरला जाऊन उभा राहिला. “माझी बहीण आहे. तिच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकणार नाही. शब्द माझा. बोट दाखवायला जागा मिळाली तर त्याच दिवशी खोली रिकामी.” कमिटीनं मान डोलावली. थोरल्यानं आपल्या हातानं तिच्या दाराला नवं लॅच बसवलं आणि सगळ्यांना वाजवून दाखवलं.

त्या दुपारी त्या इमारतीचे सेक्रेटरी घाम पुसत टपरीवर आले.

“चावीवाले, जरा चला बरं. तुमच्या बहिणीचं दार सकाळपासून बंद आहे. ठोठावलं तरी ओ देत नाहीत. आज लॅबला सुट्टी, म्हणजे घरातच असणार. काळजी वाटते हो.”

थोरल्यानं हातातली किल्ली तशीच टाकली. त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला. परत तेच. परवाच ती म्हणाली होती, झोप लागत नाही म्हणून. तेव्हा आपण काय बोललो? जागरण कर, दोन कवळ्या जास्त होतील, असं बोललो.  हत्यारांची पिशवी उचलून तो जवळजवळ पळतच सुटला. टपरीला कुलूप लावायचं राहिलं ते वाटेत आठवलं, पण मागं फिरला नाही.

जिन्यावर माणसं जमली होती. धाकटीच्या समोरच्या खोलीतल्या काकू सगळ्यांत पुढं.

“बरं झालं आलात. मला तर बाई बसवेना. चढताना पाहिलं, पण उतरताना काही पाहिलं नाही.”

“कुणाला?” थोरल्यानं विचारलं.

काकूंनी सेक्रेटरींकडं बघितलं. सेक्रेटरींनी छताकडं बघितलं.

“मांजराला हो,” काकू म्हणाल्या.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. थोरल्याचे कान गरम झाले. म्हणजे ही काळजी अशी आहे तर. एका बाजूनं वाटत होतं, आत काही बरंवाईट झालं असलं तर? दुसऱ्या बाजूनं वाटत होतं, काही झालं नसलं, तर मग काय असेल? कशाची जास्त भीती वाटतेय हे त्याचं त्यालाच कळेना, आणि कळेना म्हणून स्वतःचीच लाज वाटली. जिचं कुलूप ती समोर नाही, हेही मनात आलं. पण जिवाचा प्रश्न होता. तो गुडघ्यावर बसला, सळी आत घातली आणि कान दाराला लावला.

लॅच त्याचंच. किल्ली घाईत टपरीतल्या खिळ्यावरच राहिली, तरी डोळे मिटूनही उघडलं असतं. पण आतून खटका सरकवलेला होता. म्हणजे माणूस आत आहे. आणि मग अगदी कानाजवळ, दाराच्या पलीकडून, कुजबुज आली.

“दादा, मी बरी आहे. उघडू नकोस.”

त्याच्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असतं, पण तेवढ्यात आत दूर कुठंतरी कुणीतरी खोकलं. दाबलेला, घोगरा, पुरुषाचा खोकला.

काकूंचं तोंड चालू होतं म्हणून बरं. त्यांना ऐकू गेलं नाही.

थोरला तसाच बसून राहिला. आतून खटका लावलेला असला तरी तो कसा मागं सारायचा हे त्याला येत होतं. एक झटका, की खट्. आणि मग? मागं सरायचं आणि तोंड फिरवायचं? मागं उभं असलेलं एकही तोंड फिरणार नव्हतं. त्याला रागही आला, खरं तर आधी रागच आला. कमिटीपुढं मी छाती ठोकली ती कशासाठी? एका मनानं म्हटलं, उघड, होऊन जाऊ दे, तिचं ती निस्तरेल. पण हात काही हलेना. दारापलीकडं तिचा श्वास ऐकू येत होता, भित्रा, लहानपणी पलंगाखाली लपून बसायची तसा.

“होतंय का?” सेक्रेटरी वाकून म्हणाले.

थोरल्यानं सळी पिळली. बापाच्या हातची सळी होती, पण त्यानं ती अशी पिळली की टोक कट्‌कन आत तुटून राहिलं. आता दुसरा चावीवाला आणला तरी बाहेरून उघडायला संध्याकाळ झाली असती. आतली मूठ मात्र मोकळी होती.

तो उठला. आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, “उघडत नाही.”

 मग काकू म्हणाल्या, “अगंबाई! आणि तो बोर्ड?”

“मग दार फोडू,” सेक्रेटरी म्हणाले. “जिवाचा प्रश्न आहे.”

“थांबा, थांबा. घरी विचारतो आधी.” थोरल्यानं बायकोला फोन लावला आणि कानाशी घट्ट दाबून धरला. “हॅलो. अगं, धाकटी तिकडं आलीय का?”

“इथं कुणी नाही. तुम्ही कुठं आहात? टपरी उघडी टाकून गेलात म्हणे.”

“आलीय होय! सकाळीच? बघ, आणि आम्ही इथं जीव टांगणीला लावून बसलोय. जेवतेय? जेवू दे, जेवू दे.”

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का? कोण जेवतंय?”

“हो हो, सांगतो सगळ्यांना, काळजी करू नका म्हणून.” त्यानं फोन बंद केला. “माझ्याकडंच आहे. फोन इथंच विसरली.”

“मग सकाळी चढताना आम्ही पाहिलं ते कोण?” काकूंना काही पटत नव्हतं.

“मांजर,” थोरला म्हणाला. “तुम्हीच म्हणालात की.”

पण माणसं काही हलेनात. दाराकडं बघत उभी. कुणी पाठ टेकून, कुणी कठड्याला धरून. अशी संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती. थोरल्याला वाटलं, आत पुन्हा खोकला आला तर संपलंच. त्यानं पिशवी खांद्याला मारली.

“तुमचा वेळ गेला, माझी लाज गेली. चला खाली. ज्याचं जे कुलूप अडत असेल ते घेऊन या. आज सगळं फुकट.”

फुकट म्हटल्यावर जिना असा रिकामा झाला की विचारू नका. खाली पुढच्या दारात तो फतकल मारून बसला आणि सगळी इमारत त्याच्याभोवती. कुणाचं सायकलचं कुलूप, कुणाच्या कपाटाचं, कुणाची सासऱ्यांच्या वेळची बॅग. मागच्या बाजूला गल्लीत उतरणारा लोखंडी जिना होता, आणि पाऊल पडलं की तो खणखण वाजायचा. थोरल्याचं सगळं लक्ष तिकडं. तो पहिला खण वाजला तसा त्यानं हातोडी उचलली आणि ज्या कुलपाला फुंकर पुरली असती त्याला दणादणा ठोकायला लागला.

“अहो, मोडेल ते!” कुलपाचा मालक ओरडला.

“गंजलंय,” थोरला म्हणाला आणि ठोकत राहिला, मागचा जिना गप्प होईपर्यंत.

पण खरा जाच पुढंच होता. एक कुलूप उघडलं नाही आणि बाकीची चुटकीसरशी उघडली, तर मूर्खालाही कळलं असतं. म्हणून जे डोळे झाकून व्हायचं ते त्यानं कपाळाला आठ्या घालून, चुकत माकत, घाम पुसत केलं. लोक एकमेकांकडं बघत होते. “वय झालं यांचं,” कुणीतरी हळूच म्हणालं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गिळलं.

शेवटी सेक्रेटरी आले. हातात पत्र्याची छोटी पेटी, रुमालात गुंडाळलेली.

“जरा तिकडं बाजूला होऊ या का?” ते पुटपुटले. “किल्ली हरवलीय. आणि... आत बघू नका हं.”

“आत बघणं आमचं काम नाही,” थोरला म्हणाला. आणि इतका वेळ दाबून धरलेला हात त्याच्या नकळत मोकळा झाला. सळी घातली, वळवली, खट्. लगेच मागं सरला, तोंड फिरवलं. दोन श्वासांत सगळं झालं.

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

सेक्रेटरींनी पेटी झटकन मिटून छातीशी धरली. त्याच्याकडं बघत राहिले. धाकटीनंच बनवलेल्या कवळीवर त्यांची जीभ फिरली.

“हे मात्र पटकन उघडलं,” ते म्हणाले.

“तुमचं होतं,” थोरला भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला. “तुम्ही समोर होतात. तुम्ही म्हणालात उघड, म्हणून उघडलं.”

 सेक्रेटरींनी रुमाल गुंडाळला आणि ते वर गेले. हा माणूस आता काकूंना सांगणार की नाही, या काळजीनं थोरल्याला ना जेवण गेलं ना बायकोला धड उत्तर देता आलं. बायको विचारत राहिली, कोण जेवत होतं ते तरी सांगा.

दुसऱ्या दिवशी टपरीसमोरून जाणारे येणारे हाक मारून जात होते. “काय उस्ताद, बोर्ड पुसायला रंग आणू का?” थोरला किल्ल्या घासत राहिला. संध्याकाळी लॅबमधून धाकटी आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

“तुझी सळी तुटली,” ती म्हणाली.

“तोडली. तुटत नसते ती.”

“म्हणजे उघडता आलं असतं?”

“अर्थात! एका झटक्यात. तुला काय वाटलं?”

ती हसली, मग तिचा चेहरा बारीक झाला. “दादा, तो...”

“मी विचारलं का?” थोरला म्हणाला. खरं तर त्याला विचारायचं होतं. कोण आहे, काय करतो, खोकला कसला, औषध घेतो की नाही. रात्रभर त्या खोकल्यानं त्याला झोपू दिलं नव्हतं. तरी त्याचं तोंड दुसरंच बोलून गेलं. “मी शब्द दिला होता, त्याचं काय? चार माणसांत मान खाली घातली मी.”

“शब्द तू दिलास. मला विचारलं होतंस?” ती आवाज न चढवता म्हणाली. “तू द्यायचा आणि पाळायचा मी. चार पायऱ्या चढून माणूस माझ्याकडं येतो, तर त्याला खोकायचीसुद्धा चोरी.”

थोरल्यानं घासलेलीच किल्ली पुन्हा घासायला घेतली.  तिचं बरोबर आहे असंही त्याला वाटेना, चूक आहे असंही म्हणता येईना. लोक काय म्हणतील हे तो आयुष्यभर ऐकून होता. धाकटी काय म्हणते ते ऐकायचा हा पहिलाच प्रसंग.

“ते लॅच गेलं आता,” ती म्हणाली. “नवं बसवून दे. असं दे, की तुलासुद्धा उघडता येणार नाही.”

“असं कुलूप अजून बनलं नाही,” थोरला लगेच म्हणाला. पण उठला आणि फळीवरची खोकी काढायला लागला. एक बघितलं, ठेवलं. दुसरं बघितलं. चांगल्यात चांगलं निघालं ते घेऊन तिच्या मागोमाग गेला. बसवून झाल्यावर त्यानं दोन्ही किल्ल्या तिच्या हातात दिल्या. एरवी एक टपरीतल्या खिळ्यावर जायची.

ती आत गेली. दार लागलं.

“बघ बरं,” आतून आवाज आला.

थोरल्यानं नवी सळी काढली. हात शिवशिवत होता. सळी आत गेली आणि त्याला कळलं, थोडा वेळ लागेल, पण उघडेल. मागं काकूंचं दार बोटभर उघडं झालेलं त्याच्या पाठीला कळलं. आणि खालून जिन्यावर सेक्रेटरींच्या चपला वाजल्या.

त्यानं सळी काढून घेतली. “उघडत नाही!” इतक्या मोठ्यानं म्हणाला की वरच्या मजल्यापर्यंत जावं.

आत धाकटी हसली. चपला मजल्यावर येऊन थांबल्या.  सेक्रेटरींनी दाराकडं पाहिलं, थोरल्याकडं पाहिलं, काकूंच्या फटीकडं पाहिलं.

“चांगलं कुलूप दिसतंय,” ते म्हणाले आणि वर चढून गेले.

आज गेले. उद्याचं कुणी सांगावं? थोरला पिशवी भरता भरता कान दाराशी नेणार होता, पण नेला नाही. मागं सरला, तोंड फिरवलं आणि जिना उतरायला लागला, जरा जास्तच आवाज करत.