तिच्या गाडीचा गिअरबॉक्स

अलका चौकात सिग्नल हिरवा झाला. मी ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन मोठ्याने गुरगुरलं, पण गाडी जागची हलली नाही. मागे बस होती. बसच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी आणखी दाबलं. मग मागून कोणी लाथ घालावी तसा दणका बसला आणि गाडी पुढे उसळली. एका स्कूटरवाल्याला वीतभर अंतराने चुकवून मी कशीबशी कडेला थांबले. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, गाडी शिकताय की उडवताय?"

मी एकोणसाठ वर्षांची आहे. एरवी आजी म्हटल्याचा राग आला असता. त्या दिवशी मी नुसती किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

गाडी चौदा वर्षांची आणि ऑटोमॅटिक. ती मुळात माझी नव्हे, माझ्या धाकट्या बहिणीची. लहानपणी पोलिओत तिचा डावा पाय गेला. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघी नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये राहात होतो. मी शाळेत गणित शिकवायचे, ती येरवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. दोघींची लग्नं झाली नाहीत. तिला विचारायला आलेल्यांनी आधी पायाकडे पाहिलं. मला विचारायला आलेल्यांनी, ही बहीण कायम तुमच्याकडेच राहणार का, असं विचारलं. पुढे आम्ही कोणाला चहाला बोलावणंच बंद केलं.

बरीच वर्षं ती बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून येरवड्याला जायची. पावसात भिजून यायची, पायाला आधारासाठी बांधलेल्या कॅलिपरच्या पट्ट्या ओल्या होऊन मांडी सोलवटायची. मग एक दिवस लॅबमध्ये कोणीतरी तिला सांगितलं की ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. त्याच शनिवारी ती मला घेऊन शोरूममध्ये गेली. तिथल्या माणसाने तिच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी आपण चालवणार का?"

ती म्हणाली, "नाही, मी. या गाडीला एकच पाय लागतो ना? तो आहे माझ्याकडे."

ती गाडी आली आणि आमचं पुणे मोठं झालं. रविवारी दुपारी चहाचा थर्मास घेऊन आम्ही निघायचो. पानशेतच्या रस्त्याला, नाहीतर पाषाणच्या तळ्याकडे, कधी काहीच न ठरवता नुसतं नदीच्या कडेकडेने. मी तिच्या डाव्या बाजूला बसून खिडकीबाहेर बघायचे. जमिनीवर चालताना ती प्रत्येक पाऊल हिशेबाने टाकायची. गाडीत मात्र तिच्या अंगात एक सैलपणा यायचा, एक हात स्टिअरिंगवर, मान जराशी कललेली. रस्त्यावरच्या कोणालाही कळायचं नाही की या बाईला लंगडत चालावं लागतं. मी कधी गाडी शिकले नाही. ती होती ना.

आमच्या आयुष्यातलं महत्त्वाचं सगळं त्या गाडीतच बोललं गेलं. घरात समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते दोघींची नजर रस्त्यावर असताना निघतं. दोन वर्षांपूर्वी बंडगार्डनच्या पुलावर ती म्हणाली, "ताई, मी लग्न करतेय."

मी म्हणाले, "सिग्नल बघ."

ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. तो कोल्हापूरचा, बायको जाऊन आठ वर्षं झालेला. लॅबला लागणारी रसायनं पुरवायला यायचा. भला माणूस. त्याच्यात खोट काढायचा मी मनापासून प्रयत्न केला, सापडली नाही. लग्न झालं, ती कोल्हापूरला गेली, आणि जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तू शीक."

मी सत्तावन्नाव्या वर्षी शिकले. सुरुवातीचे कित्येक महिने तिने ठेवलेली सीट मी मागे घेतली नाही. माझे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, तरी तशीच चालवायचे. माझी समजूत अशी होती की ती माहेरपणाला येईल तेव्हा तीच चालवेल. ती तीनदा आली. तिन्ही वेळा म्हणाली, "आज तूच चालव गं, कंटाळा आलाय मला." मला वाटलं, सुखात आहे, म्हणून कंटाळा येतोय.

अलका चौकातल्या त्या दणक्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मी हळूहळू गाडी येरवड्याला नेली. तिच्या लॅबच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, तीन पिढ्या पुण्यातच गेलेल्या मुसलमान कुटुंबातले. बहिणीची गाडी पहिल्यापासून तेच बघायचे. त्यांनी गाडी गल्लीत पुढे-मागे केली, मग गिअरबॉक्सची तेल तपासायची पट्टी ओढून माझ्या नाकासमोर धरली. तेल काळं झालं होतं, आणि करपलेल्या दुधासारखा वास येत होता.

"आतल्या क्लच प्लेटा जळाल्या बाई."

"हिला क्लच नसतो म्हणून तर घेतली होती."

"पायाशी नसतो. आत असतोच की. तो आपला आपण काम करतो, म्हणून दिसत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागेल. काही भाग कंपनीने बनवायचे बंद केलेत, शोधून आणावे लागतील. तीन आठवडे तरी लागतील. खर्च असा की गाडी चांगल्या स्थितीत विकली असती तर जे आलं असतं, त्याच्या निम्म्याहून जास्त. शिवाय पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पुरी होतात, पुन्हा पासिंग करून घ्यावं लागेल.

"तुमची स्वतःची असती तर काय केलं असतंत?" मी विचारलं.

"मी मेकॅनिक आहे, मी केली असती. तुम्ही चालवता किती?"

"मी कसली चालवते. बहीण आली की चालवेल."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "लॅबवाल्या ताई? पण त्यांनी तर गाडी सोडली ना?" एवढं बोलून त्यांनी पट्टी परत आत घातली. आपण बोलायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांनाच विचारा."

घरी रिक्षाने आले आणि तिला फोन लावला. आधी गाडीचंच सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विकून टाक."

"इतक्या सहज?"

"जुनी झाली गं ताई. किती दिवस ओढणार?"

मला ते फार लागलं. चौदा वर्षांतली बारा वर्षं आम्ही दोघींनी त्या गाडीत काढली होती. मी म्हणाले, "तुला काय, तू सुटलीस. मी इथे तुझी गाडी सांभाळत बसलेय." बोलल्यावर लगेच जीभ चावली. मग तिने सांगितलं.

लग्नाच्या आधी सहा महिने, संगमवाडीच्या रस्त्यावर, तिने ब्रेकवर उजवा पाय टाकला, पण तो दाबलाच गेला नाही. समोर भाजीची हातगाडी होती. तिने हाताने हँडब्रेक ओढला. हातगाडी वाचली, माणूस वाचला. तिथूनच ती गॅरेजमध्ये गेली, ब्रेक तपासायला सांगितले. ब्रेक उत्तम होते. मग ती डॉक्टरांकडे गेली. पोलिओ झालेल्यांना खूप वर्षांनी असं होतं म्हणे. आयुष्यभर सगळा भार घेतलेला चांगला पायही थकत जातो. त्यानंतर ती बंडगार्डनच्या पुलावरून मला घेऊन गेली ते शेवटचंच, आणि तेही हँडब्रेकवर हात ठेवून. लॅबला रिक्षाने जायला लागली. मला सांगितलं, पेट्रोल फार महाग झालंय.

"तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"लग्नाआधीच सांगितलं त्यांना."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. नसतं जाऊ दिलं. मी रजा घेतली असती, डॉक्टर शोधले असते, तिच्या उशाशी बसले असते, आणि ती पुन्हा चाळीस वर्षांपूर्वीसारखी माझी लहान बहीण झाली असती. मी फोन ठेवला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. नंतर कळलं, त्या दोन दिवसांत ती दर तासाला नवऱ्याला विचारत होती, ताईचा फोन आला का.

त्या दोन दिवसांत मी खूप विचार केला. खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "गाडी बंद पडली ऐकलं. विकलीत तरी भंगारवाला तराजू घेऊनच येईल." मला हसू आलं नाही. ज्या कारणाने मी गाडी ठेवली होती, ते कारण कधीच नव्हतं. ती परत येऊन त्या सीटवर बसणार नव्हती. मी खिडकीशी थर्मास मांडीवर धरून बसणार नव्हते. असल्या गाडीवर पैसे घालणं वेडेपणाच होता. शाळेत शिकवलेलं सगळं गणित हेच सांगत होतं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना एक साधी गोष्ट लक्षात आली. तिला आता कोणीतरी फिरवायला हवं. तिचा नवरा फिरवतोच, पण ती बारा वर्षं मला फिरवत होती.

मी येरवड्याला गेले. "उघडा गिअरबॉक्स," म्हणाले.

"ताई चालवणार?"

"नाही. मी."

त्यांनी मान हलवली. तीन आठवडे म्हणता पाच आठवडे लागले. एक भाग दिल्लीहून चुकीचा आला, तो परत गेला. त्या काळात आम्ही दोघी रोज फोनवर बोललो, पण गाडीचं नाव काढलं नाही. गाडी हातात आली त्याच आठवड्यात मी एकटीने कोल्हापूरला निघाले. खंबाटकीचा घाट चढताना तोंडात राम होता. गिअर इतके अलगद पडत होते की मी कान देऊन ऐकत होते.

फाटकात गाडी पाहून ती जागीच उभी राहिली. आता तिच्या दोन्ही हातांत कुबड्या होत्या. मी तिला तशी पहिल्यांदाच पाहिली. ती म्हणाली, "वेडी आहेस तू," आणि रडायला लागली. मी तिला डाव्या बाजूला बसवलं, कुबड्या मागे ठेवल्या, आणि आम्ही रंकाळ्याला गेलो.

तळ्याच्या कडेने जाताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या तिचा उजवा पायही खाली जमिनीवर दाबला गेला. अगदी हलकासा, चप्पल जेमतेम टेकली. तिला ते कळलंही नसावं. ती पाण्याकडे बघत होती आणि वांग्याचा भाव किती वाढलाय ते सांगत होती. मी हूं हूं म्हणत राहिले.