रॅम्पवरच्या नंदाताई

फोन नंदाताईंच्या मुलीचा, मुग्धाचा होता. तळवड्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिफ्ट बदलायची वेळ, त्या गलक्यात मला नीट ऐकूच आलं नाही. बाहेर रस्त्यावर येऊन मी पुन्हा विचारलं. "प्रकाशमामा, आई गेली... सकाळी चहाला उठलीच नाही." शनिवार होता, आणि उद्या पाण्यावर जायचं का, हे विचारायला मी संध्याकाळी नंदाताईंना फोन करणारच होतो. आता काही आठवडे उलटलेत. तरी शनिवारी संध्याकाळ झाली की हात फोनकडे जातो...

मी आधी चाकणच्या कंपनीत होतो, तिथे क्वालिटी विभागात नंदाताई माझ्या वरिष्ठ होत्या. गुहागरकडच्या, खाडीकाठी वाढलेल्या. मी लातूरकडचा, आमच्याकडे पाणी म्हणजे टँकरमागची रांग. त्यांच्या यजमानांनी हौसेनं एक जुनी फायबरची बोट घेतली होती. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ताई आता बोट विकतील. "विकू कशाला? मला चालवता येते की," त्या म्हणाल्या, आणि एका रविवारी मला विचारलं, "प्रकाश, येतोस का? ट्रेलर मागे घेताना मागे कुणीतरी उभं राहायला हवंय." मला पोहता येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. त्यांनी काहीच विचारलं नाही. धरणावर पोचल्यावर लाइफ जॅकेट माझ्या गळ्यात घातलं, पट्टे स्वतः आवळले आणि म्हणाल्या, "हे काढायचं नाही. मीही काढत नाही."

चाकणच्या पुढे, धरणाच्या काठाला पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा एक रॅम्प आहे. बोट ट्रेलरवर ठेवायची, गाडी उलटी खाली घ्यायची आणि बोट पाण्यात सोडायची. एका वेळी एकच गाडी मावते, म्हणून तिथे माणसाचा स्वभाव लगेच कळतो. नंदाताई आधी वर बाभळीखाली थांबायच्या. डबे, वल्ही, डिझेलचा कॅन, सगळं तिथेच बोटीत चढवायचं, पट्टे सोडायचे, तळाला पाणी काढून टाकायचं भोक असतं, त्याचं बूच घट्ट लावायचं. "पाहुणे पानावर बसल्यावर कुणी कांदा चिरायला घेतं का?" त्या म्हणायच्या. बोट तरंगली की गाडी लगेच वर. वारा सुटला असेल तर पाण्यावरून येणाऱ्याला आधी वाट. आपण रिकामे उभे असलो तर दुसऱ्याची दोरी धरायची, पण विचारून. न विचारता कुणाच्या बोटीला हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी एकाची दोरी परस्पर ओढायला गेलो, तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, त्याला मदत वाटली पाहिजे. हिसकावलं असं नको वाटायला."

मे महिन्यातली ती दुपार मी विसरणार नाही. मारुंजीत राहणारा, आयटीतला निखिल नवीकोरी बोट घेऊन पहिल्यांदाच आला होता, सोबत बायको आणि सासू-सासरे. त्यानं गाडी थेट रॅम्पच्या मध्यावर घेतली आणि तिथेच सामान भरायला सुरुवात केली. त्यात ट्रेलर तिरका झाला. वारा चढत होता, पाण्यावर दोन बोटी परतायच्या म्हणून हेलकावत थांबल्या होत्या, वरून हॉर्न सुरू झाले. "ओ राव, गाडी काढा आधी!" कुणीतरी ओरडलं. राखणदार तुकारामभाऊंचाही तोल सुटला, "आरं, ह्यो काय तुज्या घरचा वटा हाय व्हय?" घाईघाईत निखिलनं बोट पाण्यात ढकलली, आणि ती हळूहळू मागून खाली बसायला लागली. बूच लावायचं राहिलं होतं.

नंदाताई खाली गेल्या. आधी मागे वळून त्यांनी नुसता हात वर केला. हॉर्न थांबले. मग हलक्या आवाजात त्याला म्हणाल्या, "घाबरू नका. पहिल्या दिवशी माझ्याही बोटीत पाणी शिरलं होतं. आधी ती ट्रेलरवर परत घेऊ. गाडी मी वर नेली तर चालेल?" आम्ही सगळ्यांनी मिळून बोट ओढून घेतली. बाभळीखाली पाणी काढलं, बूच लावलं, तोवर वाऱ्यातल्या दोन्ही बोटी काठाला लागल्या. निखिल घरी निघायच्या बेतात होता. ताई म्हणाल्या, "आत्ता गेलात तर परत कधी यायचे नाहीत. चला, मी उभी राहते." आणि त्यांनी त्याला पाण्यात उतरवलंच. परतताना मी विचारलं, "ताई, तुमच्या बोटीत कधी शिरलं होतं पाणी?" त्या हसल्या. "कधीच नाही रे. पण त्याची सासू बघत होती ना!"

गेल्या वर्षी मानेच्या दुखण्यानं त्यांना धरलं. मान मागे वळेना. मी म्हणायचो, गाडी मी घेतो, त्या म्हणायच्या, "अजून नाही." थंडीतल्या एका रविवारी त्यांचा ट्रेलर रॅम्पवर तिरका गेला. वर घेतला, पुन्हा तिरका. पुन्हा घेतला... वर गाड्यांची रांग लागली. मी हॉर्नची वाट बघत होतो. पण कुणी वाजवला नाही. मग निखिल चालत आला आणि खिडकीशी उभा राहिला. "ताई, मागे थांबून सांगू का?" "सांगा," त्या म्हणाल्या, "पण स्टेअरिंग मी सोडणार नाही." "सोडूच नका," तो म्हणाला. थोडं डावीकडे, बस, सरळ... बोट अलगद पाण्यात उतरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. जो तो आपापल्या दोरीकडे वळला. धरणाच्या मध्यावर गेल्यावर ताई म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळे खोळंबले रे." मी म्हटलं, "हॉर्न कुणी वाजवला, ताई?" "तेच तर..." त्या म्हणाल्या आणि इंजिन बंद करून नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या.

ताईंची जीप आणि बोट मुग्धानं माझ्याकडे सोपवलीय. "तुम्ही न्या मामा, नाहीतर पार्किंगमध्ये उन्हात तडकेल." गेल्या रविवारी आम्ही दोघं धरणावर गेलो. बाभळीखाली सगळं आटोपलं. रॅम्पवर जीप उलटी घ्यायला लागलो, तेव्हा उजव्या बाजूच्या छोट्या गोल आरशाकडे लक्ष गेलं. मान वळेना म्हणून ताईंनी तो मोशीच्या गॅरेजमधून जादाचा बसवून घेतला होता, त्यांच्या उंचीला जुळवून. मी उंच, मला त्यात नुसतं चाक आणि सिमेंट दिसत होतं. मुग्धा बाहेरून म्हणाली, "मामा, आरसा वर करून घ्या ना." हात गेलाही आरशापर्यंत. पण मी हात मागे घेतला, सीटवर खाली सरकलो, आणखी सरकलो, त्यांच्याएवढा झालो... आणि मग त्यात ट्रेलर आला, रॅम्पची कड आली, तिच्यापलीकडे पाणी आलं. तसाच बसून मी जीप हळूहळू मागे घेतली.