टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना त्याचा वास आला, की मला गोदावरीचा पूर आठवतो. नांदेडजवळच्या आमच्या गावाला पाण्यानं वेढलं होतं. कळा सुरू झालेल्या बायकोला नावेतून दवाखान्यात नेताना भर धारेत इंजिन बंद पडलं. नाव चालवणारे मोटारसायकल मेकॅनिक रफीकभाई इंजिनाची दोरी ओढत राहिले. मी सारखा उठत होतो.

"बसा ना, नाव हलायली," बायको कण्हली.

"भाई, लवकर करा!" मी ओरडलो.

"करूनच राहिलो." त्यांनी टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल केला. "आत हवा जाईना, तर पेट्रोल कसं उतरंल?" पुढच्या ओढीला इंजिन धडधडलं.

काठावर त्यांनी हात दिला, तेव्हा दोरीनं सोललेला तळहात दिसला. मी तसाच घाईनं निघालो. बायको सुखरूप बाळंत झाली. ती मुलगी आता कॉलेजात जाते, आणि रफीकभाईंना 'दुखतंय का' एवढंही विचारलं नाही, हे मला अजून टोचतं.