सामाईक म्हणजे दोघींची

जावाजावांचं पटत नाही, याची लोकांना इतकी खात्री असते की आमच्या घरातल्या दोघींचं पटतं म्हटल्यावर त्यांना जरा रागच यायचा. माझी आई धाकटी जाऊ. थोरल्या जावेला घरात सगळे नुसतं 'मोठी' म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. माझे वडील आणि काका सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत ते बायकांमार्फत. "त्याला सांग, दिवा जळतोय उगाच." "त्यांना सांग, मी वाचतोय." एका खोलीत बसून हा कारभार चालायचा. बायकांचं मात्र गूळपीठ. मोठीला मूल नव्हतं. मी आईची असले तरी वेण्या मोठीने घातल्या, पाढे मोठीने घेतले, आणि धपाटे बहुतेक तिचेच खाल्ले.

मोठी इस्पितळाच्या कपडेखात्यात होती. फाटलेल्या चादरींना ठिगळं लावायची, रोग्यांच्या झग्यांना नाड्या शिवायच्या, डाग गेला नसेल तर धुलाईवाल्याची हजेरी घ्यायची. आई सिनेमाच्या तिकीट खिडकीत बसायची. मोठीची पाळी सुटायची तेव्हा आईची सुरू व्हायची, त्यामुळे दुपारी दोघींची गाठ दारातच पडायची. एक चप्पल काढतेय, दुसरी घालतेय, तेवढ्यात घराची किल्ली, मी आणि दोन-चार वाक्यं इकडून तिकडे जायची. "बाकीचं नंतर सांगते, जाऊबाई," म्हणत आई जिना उतरायची. ते बाकीचं वर्षानुवर्षं साठत गेलं. रिटायर झाल्यावर स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचं आणि सगळं बोलून टाकायचं, असा दोघींचा बेत होता. दागिने, प्रवास, असली हौस दोघींनाही नव्हती. हौस एवढीच.

वडील गेले, पाठोपाठ काका गेले. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. दोघी रिटायर होतात न होतात तोच आमची भाड्याची इमारत पाडायला काढली. जुन्या भाडेकरूंना शहराच्या टोकाला नव्या वसाहतीत सवलतीत घरं मिळणार होती, पण एका नावावर एकच घर, आणि तेही लहान. एकाला एक चिकटलेली, ओळीने उभी, वर एक खोली आणि खाली एक. दोघींनी लगतची दोन घरं निवडली. मधल्या भिंतीत दार पाडलं की झालं एक घर, असा साधा हिशेब. ओळखीच्या बायका म्हणाल्या, "सुटलात बाई एकमेकींच्या तावडीतून." आई आणि मोठीने विषय बदलला. बेत फोडायचा नव्हता त्यांना.

करारनामा चांगला जाडजूड होता. बिल्डरच्या ऑफिसातला टायवाला मुलगा कलमं घडाघडा वाचत होता आणि दोघी गप्प बसून ऐकत होत्या. पुढच्या दाराचा रंग बदलायचा नाही. पडद्यांची बाहेरची बाजू पांढरीच हवी. पायरीवर कुंडी ठेवायची नाही. घरात शिवण, शिकवणी, कसलाही धंदा करायचा नाही. विकायचं झाल्यास आधी कंपनीला विचारायचं. दोघी मान डोलवत राहिल्या. मग तो म्हणाला, "दोन घरांमधली भिंत सामाईक राहील." तिथे मोठीने आईच्या पायावर पाय दाबला. हे आईनेच मला नंतर फोनवर सांगितलं, हसत हसत. आमच्या घरात सामाईक या शब्दाला एकच अर्थ होता. स्वयंपाकघर सामाईक, छत्री सामाईक, मी सामाईक. सामाईक म्हणजे दोघींची. त्या कलमाचं पुढचं वाक्य काय होतं, ते दोघींच्या कानात शिरलंच नाही. दोघींनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन हॉटेलात कॉफी प्यायल्या.

राहायला गेल्यावर पहिला खटका कपडे वाळत घालण्यावरून उडाला. दर्शनी भागात दोरी बांधायला बंदी होती. मोठीने जन्मभर अख्ख्या इस्पितळाच्या चादरी वाळवलेल्या. वसाहतीच्या व्यवस्थापकाला ती म्हणाली, "धुतलेल्या कपड्यांची लाज वाटते, ती कसली माणसं?" पण दोरी काढली. तिचं लक्ष भिंतीवर होतं.

सामान लागल्यावर तिने गवंडी बोलावला. मोठीच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी, त्याने पेन्सिलीने दाराची चौकट आखली. पलीकडे आई खुर्ची टाकून बसली होती, पहिली फट तिला बघायची होती. त्याने छिन्नीवर दोन-चार घाव घातले असतील नसतील, व्यवस्थापक धापा टाकत दारात हजर.

"आजी, या भिंतीला हात लावता येत नाही."

"सामाईक आहे ना?"

"सामाईकच आहे."

"म्हणजे दोघींची. मी ही अशी उभी आहे, आणि ती पलीकडे बसलीय. बोलावू का?"

"सामाईक म्हणजे कुणा एकीची नाही, आजी."

"एकीची नकोच आहे आम्हाला."

"दोघींनी मिळूनही नाही. करारात आहे. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. वसाहतीचे सगळे टप्पे बांधून होईपर्यंत कंपनीची परवानगी लागेल, म्हणून त्यानेच अर्ज लिहून दिला. उत्तर आलं ते नकाराचं. आग लागली तर ती भिंत अडवते, शिवाय दोन घरं म्हणजे दोन घरं. मी इकडून कंपनीला फोन केले, आवाज चढवला, वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, सही केली आहे ना, मग संपलं. माझा जळफळाट झाला. ज्यांच्यात कधी भिंत नव्हती त्या दोघींनी स्वतःच्या हाताने सही करून ती विकत घेतली होती, आणि जगातल्या सगळ्या भांडकुदळ जावांच्या घरांना सताड उघडी दारं होती.

तशा त्या हाकेच्या अंतरावर होत्या. पण पुढच्या अंगणांमध्ये लोखंडी कठडा होता आणि तोही हलवायचा नव्हता. म्हणजे एकीकडून दुसरीकडे जायचं तर पायऱ्या उतरा, फाटक उघडा, रस्त्यावर या, दुसरं फाटक, दुसऱ्या पायऱ्या. आईचे गुडघे गेले होते. शिवाय एकदा निघायचं म्हटलं की केस नीट करा, किल्ली आठवणीने बरोबर घ्या. भाजी परतताना मनात आलेली गोष्ट सांगायला कुणी एवढं करत नाही. ती गोष्ट तिथेच विरते. समोरासमोर बसून बोलायच्या बेताला पाहुणेपण आलं. "येऊ का?" असं विचारून येणारी मोठी आईला पाहवत नसे.

मग त्या फोनवर बोलायच्या. दोन्ही स्वयंपाकघरं त्या भिंतीला पाठ लावून होती, त्यामुळे मोठीचा आवाज आईला फोनमधून यायचा आणि भिंतीतूनही. भिंतीतून शब्द कळत नसत, नुसता सूर यायचा. मी सुट्टीत गेले की आई मध्येच फोन कानापासून लांब धरायची. "काय ऐकतेस?" विचारलं तर म्हणायची, "फोनमधली लांब वाटते गं. ही इथे आहे." आणि ओट्यामागच्या फरशीकडे बोट दाखवायची. गवंड्याने आखलेली पेन्सिलीची चौकट मोठीच्या बाजूला होती, आईच्या बाजूला काहीच नव्हतं. आईला त्याचंही वाईट वाटायचं. मी नवी नोकरी शोधून तिकडे येते म्हटलं की दोघी एका सुरात नको म्हणायच्या, आणि मी ते ऐकायचे.

आई गेली ती दुपारी. मोठी आपल्या ओट्यापाशी होती. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि शिट्ट्या होतच राहिल्या. आई कुकर विसरणारी बाई नव्हती. मोठीने भिंतीवर लाटणं आपटलं. मग ती निघाली. पायऱ्या, फाटक, रस्ता, फाटक, पायऱ्या. दाराला आपोआप लागणारं कुलूप, सगळ्या घरांना एकसारखं, तेही बदलायचं नाही असलं. आईच्या घराची किल्ली मोठीच्या फडताळात राहिली होती. ती परत फिरली, पायऱ्या, फाटक, सगळं परत. आत पोचली तेव्हा आई ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, मधे दार असतं तरी फरक पडला नसता, क्षणात झालंय. मोठीने ते ऐकून घेतलं.

मी नोकरी सोडून आईच्या घरात राहायला आले. मोठीला एकटं कसं टाकणार? आणि खरं सांगायचं तर मलाही जायला दुसरी आई नव्हती. रोज संध्याकाळी मी वळसा घालून तिच्याकडे जायचे, ती चार घास जेवायची, मी परत यायचे. मला तिचा भरपूर सहवास हवा होता, आईबद्दल बोलायला हवं होतं. ती हवापाण्याचं बोलायची.

वसाहत पुरी झाली तसा कंपनीने कारभार रहिवाशांच्या समितीकडे दिला. समितीने काही कलमं सैल केली. कपडे वाळवा, कुंड्या ठेवा. आणि सामाईक भिंतीत दार हवं असेल तर इंजिनिअरचा दाखला आणि दोन्ही घरमालकांची सही पुरे. एका घराची मालकीण मोठी, दुसऱ्याची मी. मी इंजिनिअर आणला, दाखला घेतला, आपली सही केली आणि कागद घेऊन जवळजवळ धावतच तिच्याकडे गेले.

मोठी अभ्र्याला टीप घालत होती. तिने कागद शेवटपर्यंत वाचला, आता ती सगळं शेवटपर्यंत वाचते. मग घडी करून माझ्याकडे दिला.

"नको आता."

"अगं, नको काय? गवंडी उद्या येतोय."

"दार पाडायचं, पण पलीकडे आहे कोण?"

मी तिच्यासमोर उभी होते. पलीकडे मी होते. माझे कपडे, माझं अंथरूण, सोडून आलेली नोकरी, सगळं पलीकडे होतं. मला राग आला आणि रडूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या घरात कुणीतरी उपरं केलं होतं, आणि ते मोठीने.

"मी आहे ना," मी म्हटलं.

तिने सुई अभ्र्यात खोचून ठेवली आणि माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"रागावू नकोस. तू जेवण झालं की भांडी घासतेस ना, ते इथे ऐकू येतं. आधी पेले, मग ताटं, मग पातेली आपटायची. तुझा हात अगदी तिचा आहे. तू आलीस त्या दिवसापासून मी ऐकतेय. इकडून काही फरक कळत नाही." सुई परत हातात घेत ती म्हणाली, "दार झालं की बघावं लागेल गं."

मी कागद पर्समध्ये टाकला, रस्त्याने वळसा घालून घरी आले. जेवायची इच्छा नव्हती. ओट्यावर घासायला एक चमचासुद्धा नव्हता. मी फडताळातली धुतलेली भांडी खाली काढली आणि पेल्यांपासून सुरुवात केली.