मटण सोडलं त्याची हकिकत

भूकंप झाला तेव्हा माझं पोस्टिंग सिकंदराबादला होतं. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. भूकंप पहाटे झाला, त्याच दुपारी हुकूम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वैद्यकीय तुकडी लातूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर तंबू ठोकत होती.

रेवा, कबीर, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, आजी फौजेत होती, तिच्या हातचं मटण बाबाला अजून आठवतं, मग ती स्वतः खात का नाही? मी म्हणाले, पचत नाही. ते खरं नव्हतं. खरं काय ते क्रमाने लिहिते.

ढिगाऱ्यावर काम इंजिनिअर्सची तुकडी करत होती. दर तासाला शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की फावडी, इंजिनं, बोलणं सगळं बंद. दोन मिनिटं सगळे कान देऊन उभे. जिथून आवाज येई तिथल्या दगडावर खडूने खूण करायची. 'म' म्हणजे माणूस, 'ज' म्हणजे जनावर. आधी 'म' उपसायचे, मग 'ज'. नोंदवही माझ्याकडे होती, म्हणून खडूही माझ्याकडेच.

पहिल्या दिवशी १६१० वाजता गल्लीच्या टोकाच्या घराखालून बकरा ओरडला. मी भिंतीवर 'ज' लिहिला आणि पुढे गेले. त्या रात्री जोराचा पाऊस झाला.

सकाळी नाईक व्यंकट तंबूपाशी आला. इंजिनिअर्सचा जवान, लोहा तालुक्यातला, चोवीस वर्षांचा. मीही त्याच जिल्ह्यातली, नांदेडची, म्हणून माझ्याशी घरच्यासारखं बोलायचा.

"मॅडम, त्या टोकाचा बकरा ऐकला का?"

"नोंद आहे. जनावर."

"मी लहानपणी शेळ्या राखल्यात. भुकेला बकरा ओरडतच राहतो. ह्यो तीनदा ओरडून गप बसून राहिलाय. मग पुन्हा तीनदा. त्याला कुणीतरी ओरडायला लावून राहिलंय."

पुढच्या शिट्टीला मी तिथे जाऊन उभी राहिले. तीन आवाज. शांतता. पुन्हा तीन. मी तळहाताने 'ज' पुसला आणि 'म' लिहिला.

०८४० वाजता दीड फुटाचं भोक पडलं. आत माणूस होता, जिवंत. त्याच्या पायावर तुळई होती. असा चेंगरलेला पाय एकदम मोकळा केला तर त्यातलं विष रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडतं. त्यामुळे आधी सलाईन, मग तुळई. आमचे डॉक्टर, मेजरसाहेब, खांद्यापाशीच अडकले. माझं वजन चव्वेचाळीस किलो होतं. व्यंकटने पुढे लाकडी टेकू लावले आणि मी सलाईनची बाटली कमरेला बांधून सरपटत आत गेले.

तो माणूस गावचा मुलाणी होता, मौलाभाई. गावाचे बकरे तोच कापायचा. तोंडात माती जाऊन त्याचा आवाज गेला होता. एक हात मोकळा होता आणि त्या हाताने त्याने बकऱ्याचा कान धरला होता. दोन दिवसांहून जास्त वेळ तो हा कान पिळत होता. पाणी पाजल्यावर त्याला थोडा आवाज फुटला.

"बाई, सोडू का आता कान?"

"सोडा."

"पळून जाईल की."

"कुठे जाईल?"

तो हसल्यासारखा खोकला. "गणपती उठले, लोकांनी मटण सांगून ठेवलं हुतं. त्या सकाळी ह्येलाच कापणार हुतो."

०९०५ ला सलाईन सुरू झालं. ०९१२ ला जमीन हलली. मागचा उजेड गेला.

बाहेरून वायरलेसवर मेजरसाहेबांचा आवाज ऐकू आला. "पॅसेज बंद. पेशंट आत. कॅप्टन मॅडम आत. ओव्हर."

मला वळता येत नव्हतं. उजवा हात बाटली धरून वर होता, तो खाली घेता येत नव्हता. बकरा माझ्या छातीवर आडवा झाला होता. त्याने श्वास घेतला की माझा अडे, म्हणून आम्ही आळीपाळीने श्वास घेत होतो. घड्याळाचे काटे अंधारात दिसत होते. ते दिसले नसते तर बरं झालं असतं.

"माणसं येतील का?" मौलाभाईने विचारलं.

"येतील."

"हे बकऱ्याला सांगा. त्यो माझ्यावर इस्वास ठेवत न्हाई."

१०३० ला दगडांपलीकडून व्यंकट बोलला. "मॅडम, टेकू लावून राहिलो. हलू नका."

"नाईक, सलाईन अर्ध्यावर आहे."

"हाव. आलोच."

१०५० ला दगड घसरल्याचा आवाज झाला. त्यानंतर खणत होते ते आवाज दुसऱ्यांचे होते. मी व्यंकटचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं.

१२२५ ला उजेड आला. आधी बकरा बाहेर गेला, मग मी, मग मौलाभाई. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, पण तो जगला. पुढे त्याने पुन्हा धंदाही सुरू केला.

व्यंकट स्ट्रेचरवर होता. अंगावर पूर्ण कांबळं होतं. शेवटचा टेकू लावताना बाजूची भिंत त्याच्यावर आली होती. दगडमातीची भिंत, पावसाने तिची माती सुटली होती. आदल्या दिवशी १६१० वाजता ती कोरडी आणि घट्ट होती. मी तिच्यावरच खडूने 'ज' लिहून पुढे गेले होते.

रिपोर्टमध्ये 'भूकंपाचा नंतरचा धक्का' असं लिहिलं गेलं. माझी वही कुणी मागितली नाही.

दोन महिन्यांनी व्यंकटची पेटी घेऊन मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईवडिलांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. जीपमध्ये वाक्यंही जुळवली होती.

अंगणात शेळ्या होत्या. वडिलांनी एका बकऱ्याचं दावं सोडलं. "लेकराच्या पलटणीतलं माणूस पहिल्यांदा दारात आलंय. साध्या जेवणावर कसं धाडू? ह्यो व्यंकटनंच वाढवलाय."

मी म्हणाले, "मी मटण खात नाही."

आदल्या दिवशीच मेसमध्ये खाल्लं होतं.

आई म्हणाली, "फौजेत राहून? मग काय बंदुकीच्या गोळ्या खाता का बाई?" आणि ती हसली. वडीलही हसले. ते हसू बघितल्यावर मी जुळवलेली वाक्यं तशीच ठेवली आणि हात धुवायला उठले. आईने ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी जेवले, पेटी दिली आणि सही घेऊन निघाले.

त्या अंगणातली एक गोष्ट मला पुढे खरी करता येण्यासारखी होती. ती मी केली. तेव्हापासून मटणाला हात लावला नाही. दुसऱ्यांनी खाल्लं तर माझी हरकत नाही. सध्या वरच्या खोलीत कोचिंगच्या मुली राहतात, त्यांना परीक्षेच्या दिवसांत मीच अंडी उकडून देते.

जे सांगायला गेले होते, ते मात्र राहिलं. पुढे आई गेली, मग वडील गेले. आता ऐकणारे तुम्हीच आहात.

नाईक व्यंकट, कोअर ऑफ इंजिनिअर्स, तालुका लोहा. बकरा ऐकून त्या भिंतीजवळून आम्ही दोघंही पुढे गेलो होतो. तो परत फिरला होता.