पाटी नसलेलं दुकान

आमच्या कुकरवाल्या चाचांइतका तक्रारींचा भुकेला माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडायचा नाही. एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. इतर दुकानदार गिऱ्हाईक दिसलं की ‘या, बसा’ म्हणतात. चाचा चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतात, ‘‘काय शिकायत?’’ ‘काही नाही, सहज आलो’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. काउंटरला सुतळीने एक तक्रारवही बांधलेली आहे. तक्रार मिटली की ज्याने ती लिहिली त्यानेच पुढे सही करायची, हा त्यांचा नियम. मुलगा नको, सून नको, शेजारी तर नकोच. एकाने रागाच्या भरात ‘दुकानदार फार बोलतो’ असं लिहून ठेवलं. झालं! तो गृहस्थ दुकानात आला की चाचांच्या तोंडाला कुलूप. रिंग बदलायची की शिट्टी, सगळं हातवाऱ्यांनी. तिसऱ्या खेपेला तो रडकुंडीला येऊन सही करून मोकळा झाला, आणि चाचांनी आत तुंबलेलं सगळं त्याला तासभर ऐकवलं.

अशा माणसाला व्यापारी मंडळाची ‘विश्वासाचं दुकान’ ही पाटी कशाला हवी, असं मी एकदा विचारलं. ‘‘जुनी लोकं मला वळखतात, साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘पन तुमच्या सुकापूरच्या नव्या बिल्डिंगीतली मानसं? त्यांनी कुनाच्या भरोशावर यायचं? पाटी बघून तरी येतील.’’ मंडळाची अट एकच होती, वर्षातली एकही तक्रार शिल्लक नको. तपासायला आलेल्या दोघांनी शेजारच्या दुकानांतल्या कोऱ्या करकरीत वह्या पाहून समाधानाने माना डोलावल्या होत्या. चाचांची भरगच्च वही पाहून त्यांना घामच फुटला. मग पानं उलटताना त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक तक्रारीपुढे सही आहे. नव्हती ती फक्त एका ओळीपुढे, आणि ती ओळ माझ्या आईची होती : ‘कुकर पूर्वीसारखा वाजत नाही.’ पंधरा दिवसांनी पुन्हा येतो, असं सांगून ते गेले.

मी आपला शहाणपणा करून म्हणालो, ‘‘आणा इकडे, मी करतो सही.’’

‘‘शिकायत तुमची हाय?’’ चाचांनी वही ओढून घेतली.

शिट्टी त्यांनी आधीच दोनदा बदलून दिली होती. आता ते हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या घरी आले, स्वतः तांदूळ धुऊन कुकर लावला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. शिट्टी अशी झाली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. शेजारीच खुर्चीत बसलेल्या आईने विचारलं, ‘‘अजून होत नाही का हो?’’

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भात करपला की ‘तुझं लक्षच नसतं’ म्हणून आम्ही किती महिने तिच्यावर डाफरत होतो! जिन्यात चाचा हळूच म्हणाले, ‘‘कुकर बरोबर हाय. आईंचे कान दाखवा. पन मी बोललो म्हनून सांगू नका, बुजुर्ग मानसाला वाईट वाटंल.’’

‘‘मग खोडा ना ती तक्रार! दोष कुकरचा नाहीच.’’

‘‘वाजत नाय असं त्यांनी लिवलंय. त्यांना वाजलं पायजे.’’

डॉक्टर, तपासण्या, कानातलं यंत्र यांत दीड महिना गेला आणि पाटीही गेली. मग एके सकाळी पहिल्याच शिट्टीला आई दचकली, हसली आणि रिक्षा करून थेट चाचांच्या दुकानात गेली. सही केली. खाली लगेच दुसरी ओळ लिहिली : ‘नवी तक्रार. चाचा चहासुद्धा न घेता गेले. जेवायला यावे.’ चाचा लाजले. ‘‘येतो एका जुम्म्याला, दुकान बंद असतं तवा,’’ म्हणाले. असे कितीतरी शुक्रवार आले आणि गेले.

त्यानंतर आठ महिने आई होती. त्या आठ महिन्यांत तिने नातीचं गाणं ऐकलं, माझी माफीही ऐकली. हे मला ज्याने दिलं त्याचं ऋण कसं फेडायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा मंडळाचे लोक आले तेव्हा चाचांनी आपणहून आईच्या त्या ‘जेवायला यावे’वर बोट ठेवलं. ‘‘अहो, ही कसली तक्रार?’’ ते हसले. ‘‘लिवलीय म्हंजे हाय,’’ चाचा म्हणाले. पाटी यंदाही नाही. सुकापूरची माणसं मात्र येतात. ‘त्या गल्लीतलं पाटी नसलेलं दुकान’ असा पत्ता मीच त्यांना देतो.

गेल्या शुक्रवारी चाचा शेवटी जेवायला आले. पिशवीत वही होती. का आणली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याच कुकरची शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोघांनीही आईच्या खुर्चीकडे पाहिलं. भात वाढून झाल्यावर मी न राहवून वही उघडली आणि पेन हातात घेतलं.

‘‘सही आईंची,’’ चाचा म्हणाले, आणि खाली मान घालून त्यांनी आणखी थोडा भात मागून घेतला.